बंदूक पालकांच्या नावावर, सराव मुलांचा

एअर रायफलवर दोन-तीन वर्षं घालवलेली मुंबईतली काही मुलं आता ट्रॅप आणि स्कीटकडे, म्हणजे हवेत भिरकावलेल्या चकत्या बारा बोअरच्या बंदुकीनं फोडण्याच्या खेळाकडे वळू लागली आहेत. त्यांच्या पालकांची आणि काही खेळाडूंची पत्रं आमच्याकडे आली आहेत. परवाना, घरातली साठवण, काडतुसं आणि प्रवास यांबद्दलचे प्रश्न वारंवार आले, त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. उत्तरांना आधार आहे तो शस्त्र अधिनियम १९५९, त्यातली २०१९ ची दुरुस्ती आणि शस्त्र नियम २०१६ यांचा.

माझी मुलगी १४ वर्षांची आहे. शाळेकडून एअर रायफल खेळते, आता तिला ट्रॅप शिकायचं आहे. क्लबमधले एक पालक म्हणतात की खेळाडूंना वयाची अट नसते. तिच्या नावानं परवाना मिळेल का?
— एक आई, मुलुंड

वयाची अट आहे, आणि ती खेळाडूंनाही आहे. अधिनियमाच्या कलम ९ नुसार २१ वर्षं पूर्ण न झालेल्या व्यक्तीला अग्निशस्त्र घेता, बाळगता किंवा घेऊन फिरता येत नाही. मात्र त्याच कलमाच्या पोटकलम २ मध्ये प्रशिक्षणासाठी वाट ठेवलेली आहे. शस्त्र नियमांप्रमाणे १२ वर्षांवरच्या मुलांना प्रौढ प्रशिक्षकाच्या किंवा परवानाधारकाच्या समक्ष, त्याच्या थेट देखरेखीखाली सरावासाठी बंदूक वापरता येते. सार्वजनिक जागेत मात्र ती बंदूक मुलीच्या हाती एकटीनं असता कामा नये. कायदेशीर परवानगी असलेली प्रौढ व्यक्ती सोबत हवीच.

‘थेट देखरेख’ या शब्दांना इथे फार महत्त्व आहे. देखरेख करणारा माणूस मुलीच्या हातभर अंतरावर उभा असावा. नळीचं तोंड कुठे आहे आणि चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे की भरलेलं, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. मागे खुर्चीत बसून फोनवर बोलणारे वडील म्हणजे देखरेख नव्हे. नियमाच्या दृष्टीनं नव्हे आणि सुरक्षेच्या दृष्टीनं तर अजिबातच नव्हे.

तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला, क्लबच्या किंवा प्रशिक्षकाच्या बंदुकीवर शिकणं. दुसरा, तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी स्वतःच्या नावे खेळासाठी परवाना घेणं आणि रेंजवर स्वतः हजर राहून मुलीला त्या बंदुकीवर सराव देणं. पहिलं वर्षभर तरी पहिलाच मार्ग धरा, असं आमचं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं कारण मुलीच्या वाढत्या अंगात आहे. मोठ्या माणसाच्या बंदुकीचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत साधारण ३६ ते ३७ सेंटिमीटर असतो. पाच फूट उंचीच्या मुलीला तो ३३-३४ च्या आसपास लागतो. दस्ता लांब पडला की मूल कमरेतून मागे झुकतं, साडेतीन किलोची बंदूक पुढे ओढते आणि दस्त्याचं टोक खांद्याच्या खोबणीतून दंडावर घसरतं. मग दंड काळानिळा होतो आणि चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटायची सवय लागते. ही सवय लागायला चार दिवस पुरतात, सुटायला मोसम जातो. क्लबकडे आखूड दस्त्याची बंदूक असेल तर तीच मागून घ्या. काडतुसं २४ ग्रॅम छऱ्यांची घ्या, २८ ची नकोत. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही २४ ग्रॅमच चालतात. ‘लहान मुलीला वीस बोअर बरी’ असा सल्ला मिळेल (आकडा मोठा असला तरी वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते). पण वीस बोअरची बंदूक वजनानं हलकी असते आणि छऱ्यांचं वजन तेवढंच ठेवलं तर धक्का उलट जास्त बसतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं कनिष्ठ आणि होतकरू नेमबाजांसाठीची बंदुकांची मर्यादा एकावरून दोनवर नेली. ती बातमी वाचून अनेक पालकांचा गोंधळ झाला आहे. ही सवलत प्रावीण्य दाखवलेल्या खेळाडूंसाठी आहे आणि तिचा रस्ता राज्य संघटना व राष्ट्रीय रायफल असोसिएशन यांच्या प्रमाणपत्रांतून जातो. नवशिक्या मुलीच्या नावे थेट अर्ज भरण्याचा तो आधार नाही.

मी ४४ वर्षांचा आहे. मुलाच्या ट्रॅप सरावासाठी माझ्या नावे परवाना काढायचा ठरवलं आहे. मुंबईत अर्ज कुठे आणि कसा करावा? नाकारला जाण्याची कारणं काय असतात?
— एक वाचक, बोरिवली

बृहन्मुंबईत परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त आहेत. ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार यांची आयुक्तालयं वेगळी आहेत, त्यामुळे दहिसर चेकनाक्यापलीकडे राहणाऱ्याचा अर्ज मुंबईत चालत नाही. तुम्ही ज्या पत्त्यावर खरोखर राहता, तिथलं आयुक्तालय.

अर्ज नमुना ए-१ मध्ये असतो आणि तो केंद्राच्या शस्त्र परवाना संकेतस्थळावर भरावा लागतो. परवाना मिळाल्यावर त्यावर एक विशिष्ट ओळख क्रमांक येतो, ज्याला सगळे ‘यूआयएन’ म्हणतात. त्या क्रमांकाशिवाय परवाना ग्राह्य नाही. भरलेल्या अर्जाची प्रत काढून आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत कागदपत्रांसह द्यायची. ओळख, जन्मतारीख आणि राहत्या जागेचे पुरावे तर लागतातच. त्यांशिवाय तीन नमुने नीट लक्षात ठेवा. एस-१ म्हणजे शस्त्र हाताळणीचं सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. एस-२ म्हणजे बंदुकीचा सुरक्षित वापर आणि साठवण याबद्दलचं तुमचं हमीपत्र. एस-३ म्हणजे शारीरिक व मानसिक प्रकृतीचं वैद्यकीय प्रमाणपत्र. एस-१ साठीचं प्रशिक्षण आधी उरकून घ्या. अर्ज टाकल्यावर प्रशिक्षणाची तारीख शोधत बसणं हे उशीर होण्याचं नेहमीचं कारण आहे.

मग तुमच्या पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. घर पाहिलं जातं, शेजारी विचारले जातात, तुमच्यावर गुन्हा आहे का हे तपासलं जातं. बंदूक कुठे ठेवणार, हाही प्रश्न येतो, त्यामुळे कपाट आधीच बसवलेलं असेल तर उत्तम.

अर्ज अडकतो तो बहुधा साध्या गोष्टींवर. आधारवर जुना पत्ता आणि वीजबिलावर नवा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा करार संपत आलेला. आणि सर्वांत जास्त वेळा, प्रयोजनाच्या रकान्यात गोलमाल. तुम्हाला बंदूक खेळासाठी हवी आहे तर ‘स्वसंरक्षण आणि खेळ’ असं दोन्ही लिहू नका. स्वसंरक्षण लिहिलंत की तुम्हाला धोका कोणाकडून, याचे पुरावे मागितले जातात आणि ते तुमच्याकडे नसतात. ‘१२ बोअर, डी.बी.बी.एल., क्ले टार्गेट नेमबाजीच्या सरावासाठी’ इतकं नेमकं लिहा (डी.बी.बी.एल. म्हणजे मागून काडतूस भरायची दुनळी, क्ले टार्गेट म्हणजे त्याच हवेतल्या चकत्या). सोबत राज्य संघटनेचं किंवा मान्यताप्राप्त क्लबचं सदस्यत्व, मुलाची गुणपत्रकं आणि तो जिथे सराव करतो तिथल्या प्रशिक्षकाचं पत्र जोडा. तुमचं स्वतःचं सदस्यत्वही असू द्या. परवानाधारक तुम्ही आहात, तेव्हा खेळाशी तुमचं नातं कागदावर दिसलं पाहिजे.

कायदा इथे तुमच्या बाजूनं थोडा झुकलेला आहे. कलम १३ मध्ये खेळासाठी वापरायच्या, २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा खास उल्लेख आहे. ट्रॅपच्या बंदुकीची नळी ३० ते ३२ इंच आणि स्कीटची साधारण २८ ते ३० इंच असते, त्यामुळे लांबीचा प्रश्न येत नाही. अर्ज नाकारला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध अपील करता येतं. ती लेखी प्रत मागून घ्या. तोंडी ‘होणार नाही’ ऐकून घरी येऊ नका.

परवाना ५ वर्षांचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीआधी ही मुदत ३ वर्षांची होती, म्हणून जुन्या परवानाधारकांचं ऐकून तारखेची गल्लत करू नका. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडच्या बंदुकांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आणली. बंदूक घेतल्यावर ती परवाना शाखेत दाखवून तिचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्यायचा असतो. विक्रेत्याच्या पावतीवरचा, परवान्यावरचा आणि नळीवर कोरलेला क्रमांक एकच आहे ना, हे तिथेच उभं राहून अक्षर अक्षर जुळवा.

आमचं घर जुन्या इमारतीत, दोन खोल्यांचं आहे. घरात आजी, दोन मुलं आणि दिवसभर येणारी कामवाली बाई. अशा घरात बंदूक ठेवावी का, आणि ठेवली तर कशी? पावसाळ्यात गंज फार चढतो असंही ऐकलं आहे.
— एक परवानाधारक, दादर

ठेवता येते, पण फक्त तिच्यासाठी बनवलेल्या पोलादी कपाटात. कपड्यांच्या गोदरेजच्या कपाटात साड्यांमागे उभी केलेली बंदूक सुरक्षित नसते. त्या कपाटाची किल्ली घरात सगळ्यांना ठाऊक असते, आणि ते दिवसातून दहा वेळा उघडतं.

कपाट किमान २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं, आतून बसवलेल्या बिजागऱ्यांचं आणि दोन बाजूंनी कडी पडणाऱ्या कुलपाचं घ्या. ते भिंतीला आतून बोल्टनं आवळायचं असतं, आणि जुन्या इमारतीत खरी अडचण इथेच येते. मधल्या भिंती बऱ्याचदा चार इंची विटांच्या किंवा लाकडी पट्ट्यांवर गिलावा केलेल्या असतात. त्यात अँकर बोल्ट धरत नाही, एका हिसक्यात विटेसकट बाहेर येतो. आधी ठोकून पाहा. बाहेरची जाड भिंत किंवा काँक्रीटचा खांब शोधा, १० मिलिमीटरचे चार बोल्ट टाका, त्यांतले दोन पाठीत आणि दोन तळात. भिंत खात्रीची नसेल तर कपाट आडवं करून जमिनीच्या लादीखालच्या काँक्रीटला आवळा. बाहेरची भिंत निवडलीत तर पावसाळ्यात तिला ओल येते का, हेही पाहून ठेवा. ओल येत असेल तर कपाट आणि भिंत यांच्यात रबराचे जाड वायसर घालून बोटभर जागा सोडा.

वर-खाली नळ्यांची दुनळी तीन भागांत सुटते: नळ्या, चाप-यंत्रणेसकट दस्ता, आणि पुढचा लाकडी हात. ही सोय देवानं दिल्यासारखी आहे, ती वापरा. नळ्या आणि पुढचा हात एका कुलपात, दस्ता दुसऱ्या कुलपात. म्हणजे एक कुलूप कुणी उघडलंच तरी हाती जे येतं त्यातून गोळी सुटत नाही. काडतुसं तिसऱ्या जागी, वेगळ्या कुलपात, आणि बंदुकीच्या कपाटात एकही नाही. सरावाच्या जाकिटाच्या खिशात उरलेली दोन काडतुसं ही सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट आहे. घरी आल्यावर जाकीट उलटं करून झटका.

किल्ली परवानाधारकाजवळच. मुलगा राष्ट्रीय विजेता असला तरी २१ वर्षांचा होईपर्यंत किल्ली त्याच्याकडे नाही, आणि आकड्यांचं कुलूप असेल तर आकडे त्याला माहीत नाहीत. वाढदिवसाची तारीख हा आकडा ठेवू नका, घरातली सगळी मुलं तोच आधी फिरवून पाहतात. पत्नीला किंवा आजीला किल्लीची जागा सांगून ठेवणंही टाळा, कारण ताबा परवानाधारकाचा असतो. तुम्ही आठ-पंधरा दिवस गावी जाणार असाल तर बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीत जमा करून पावती घ्या. घराला रंग देणं, लादी बदलणं, इमारतीची दुरुस्ती अशा वेळीही तेच करा. परक्या माणसांची ये-जा असताना बंदूक घरात नसलेली बरी. कपाट कुठे आहे, हे सोसायटीत किंवा समाजमाध्यमांवर कुणाला कळायचं काहीच कारण नाही.

आता गंज. मुंबईची हवा खारी, आणि जून ते सप्टेंबर दमट. बंदूक रेंजवरून भिजून आली किंवा नुसती घामेजल्या हातांनी हाताळली, तरी त्याच रात्री काम करावं लागतं. सकाळपर्यंत थांबलात तर काळ्या पॉलिशवर तांबूस ठिपके दिसतात. आधी कोरड्या सुती कापडानं सगळं पुसा. नळ्यांमधून आधी फॉस्फर ब्राँझचा ब्रश आठ-दहा वेळा आरपार फिरवा, म्हणजे शिशाचा थर आणि काडतुसातल्या प्लास्टिकच्या वॅडचा, म्हणजे छऱ्यांमागच्या बुचाचा, चिकटा सुटतो. नंतर कापडाचे तुकडे, ते स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी हलकं तेल लावलेला लोकरी बोंडा एकदाच. तेल पातळ हवं. जास्त तेल खाली झिरपून दस्त्याच्या लाकडात मुरतं, लाकूड काळं पडून मऊ होतं आणि यंत्रणेजवळ तडकतं. म्हणूनच नळ्या काही दिवस तोंड खाली करून ठेवा. बिजागरीच्या खिळ्यावर आणि नळ्या जिथे यंत्रणेला टेकतात तिथे तेल नको, ग्रीस हवं, तांदळाच्या दाण्याएवढं. चोक, म्हणजे छऱ्यांचा पसारा आवळणारे नळीच्या तोंडातले निमुळते भाग, काढता येणारे असतील तर दर महिन्याला एकदा फिरवून काढा, आटे पुसा, ग्रीस लावून परत बसवा. पावसाळाभर तसेच राहिलेले चोक गंजून नळीत धरतात आणि मग ते काढताना नळीचं तोंड फुगायची भीती असते.

ज्या स्पंजच्या अस्तराच्या पेटीतून बंदूक प्रवासाला नेता, ती साठवणीसाठी नाही. स्पंज ओल धरून ठेवतो, आणि बंद पेटीत आठवड्याभरात गंज चढतो. कपाटात अर्धा किलो सिलिका जेल ठेवा, रंग बदलणारं. रंग उतरला की मंद ओव्हनमध्ये तापवून रंग परत येऊ द्या आणि पुन्हा वापरा. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा कपाट उघडून पाहणं चुकवू नका. आतल्या घोड्यांच्या स्प्रिंगवर ताण राहू नये म्हणून डमी काडतुसं घालून चाप सोडून ठेवतात. ती डमी रंगानं खऱ्यांपासून लगेच ओळखू येतील अशीच घ्या.

आजोबांच्या नावे गावी, सिंधुदुर्गात, शेतसंरक्षणाची बंदूक होती. ते गेल्या वर्षी वारले. घरात ती तशीच आहे. माझा मुलगा आता नेमबाजी शिकतो, ती मुंबईला आणली तर चालेल का?
— एक वाचक, परळ

आणू नका. गाडीतून नाही आणि कोकण रेल्वेनं तर मुळीच नाही. परवाना आजोबांच्या नावे होता, ते गेले तेव्हा त्या परवान्याखालचा ताबा संपला. आता ती बंदूक घरात असणं हाच बेकायदा ताबा आहे, आणि विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला २०१९ पासून किमान २ वर्षांची शिक्षा आहे. कलम २१ प्रमाणे अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. वर्ष गेलं असलं तरी आता स्वतःहून पुढे जा. आधी गावच्या पोलीस ठाण्यात फोन करा, आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना तयार ठेवा, आणि बंदूक घराबाहेर कुणी, कशी न्यायची ते त्यांनाच विचारा. जमा केल्याची पावती जपून ठेवा.

बंदूक कुटुंबात ठेवायची असेल तर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. शस्त्र नियमांच्या नियम २५ मध्ये तशी तरतूद आहे. तो नियम हयात परवानाधारकांनाही उपयोगी आहे: वयाची ७० वर्षं किंवा बंदूक बाळगल्याची २५ वर्षं, यांतलं जे आधी होईल तेव्हा वारसाच्या नावे परवाना मागता येतो. गावी ज्यांचे वडील-आजोबा परवानाधारक आहेत त्यांनी हे आताच पाहून ठेवावं.

पण मुलाच्या खेळासाठी ती बंदूक विसरा. ठासणीची असेल तर तिचा ट्रॅपशी संबंधच नाही. काडतुसाची जुनी एकनळी असली तरी धोका आहे. अनेक जुन्या बंदुकांचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं आणि आजची काडतुसं ७० ची. काडतुसाची लांबी उडाल्यानंतरच्या उघडलेल्या नळकांड्याची मोजतात, त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरात बिनबोभाट बसतं. उडताना मात्र त्याचं दुमडलेलं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. ‘बसलं म्हणजे चाललं’ हा समज इथे हात गमावण्यापर्यंत नेऊ शकतो.

काडतुसं किती आणावीत, कशी ठेवावीत? मुलगा क्लबमध्ये मित्राच्या वीस बोअरच्या बंदुकीवरही सराव करतो.
— एक पालक, विलेपार्ले

वीस बोअरपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट ती आहे. वीसचं काडतूस बाराच्या बंदुकीत घातलं तर ते चेंबरातून पुढे घसरतं आणि नळीत अडकतं. मागून पाहिलं तर चेंबर रिकामं दिसतं. चाप ओढल्यावर काही उडत नाही, मूल गोंधळतं, बाराचं नवं काडतूस भरतं, ते बसतं, आणि मग नळी फुटते, तीही पुढच्या हाताच्या जागी. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं पिवळ्या नळकांड्याची बनवतात. एका जाकिटात, एका पिशवीत, एका खोक्यात दोन बोअरची काडतुसं कधीही एकत्र नकोत. ज्या दिवशी मुलगा वीसवर सराव करतो त्या दिवशी बाराचं एकही काडतूस त्याच्याजवळ नसावं, आणि उलटही.

किती, याचं उत्तर परवान्यावर लिहिलेलं असतं: एका वेळी किती आणि वर्षात किती. हे आकडे न पाहता खरेदीला गेलात तर विक्रेता देणार नाही, आणि देणारा भेटला तर त्याच्यापासून दूर राहा. सराव मोजण्याचा हिशोब सोपा आहे. एका फेरीत २५ चकत्या. स्कीटमध्ये फेरीला २५ काडतुसं. ट्रॅपमध्ये एका चकतीवर दुसरी गोळी झाडता येते, म्हणून नवशिक्याला चाळिशीच्या पुढे लागतात. आठवड्यातून दोन दिवस, दिवसाला तीन फेऱ्या धरल्या तर महिन्याला हजाराच्या आसपास जातात. सर्वसाधारण परवान्यावरचा आकडा याला पुरत नाही. नियम ४० मध्ये खेळाडूंच्या वर्गानुसार वेगळी मर्यादा आहे, ती फेब्रुवारी २०२० मध्ये बरीच वाढवली गेली. ती मिळवण्यासाठी संघटनेमार्फत जावं लागतं. तोपर्यंत क्लबच्या साठ्यातून तिथल्या तिथे वापरणं हाच सोपा मार्ग. उरलेली घरी आणणं टाळा.

घरची काडतुसं मूळ खोक्यात, कोरड्या जागी, कुलपात. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहू देऊ नका. बुडाशी धातूच्या टोपीवर गंज दिसला किंवा नळकांडं फुगलेलं वाटलं तर ते वापरू नका, विक्रेत्याकडे परत द्या. एका वहीत तारीख, आणलेली, वापरलेली, उरलेली असा हिशोब ठेवा. तपासणीला कुणी आलं तर हीच वही बोलते. नळकांडी घरी पुन्हा भरण्याच्या भानगडीत कुणीही पडू नये.

आणि मुलाला एक गोष्ट आजच शिकवा. चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर नळी मैदानाकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं, मगच उघडायचं. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढची गोळी भरायचीच नाही. बंदूक उघडायची, काडतूस काढायचं आणि प्रशिक्षकाला दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायला लावायचं. अडकलेल्या वॅडच्या मागून सुटलेली पुढची गोळी नळी फोडते.

मी १९ वर्षांचा आहे. दिल्लीला तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर शिबिराला जायचं आहे. काकांची बंदूक, त्यांचं संमतीपत्र आणि परवान्याची प्रत घेऊन विमानानं जाऊ का?
— एक विद्यार्थी, अंधेरी

नाही. कायद्यात परवानाधारकाच्या लेखी अधिकारानं बंदूक नेण्याची जी सोय आहे, ती दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी नेण्यापुरती आहे. तुमच्या वापरासाठी नाही. त्यात तुमचं वय २१ च्या आत. आणि तशी बंदूक तुमच्या ताब्यात दिली म्हणून काकाही कलम २९ खाली अडचणीत येतात. काका सोबत आले, परवान्याचं क्षेत्र महाराष्ट्राबाहेर चालणारं असलं आणि मूळ परवाना बरोबर असला, तर ती बंदूक त्यांच्या ताब्यात प्रवास करेल आणि रेंजवर तुम्ही त्यांच्या समक्ष वापराल.

विमानात बंदूक सुटी करून, रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर जमा करायच्या (चेक-इन) सामानातच जाते, आणि काउंटरवर आधी सांगून. एअरलाइनला तिकीट काढतानाच कळवा. काडतुसांची आंतरराष्ट्रीय मर्यादा प्रवाशामागे ५ किलो आहे. २४ ग्रॅमचं एक काडतूस सगळं मिळून ४० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे सव्वाशेच. देशांतर्गत प्रवासात एअरलाइन याहून कमी संख्या ठरवू शकते. शिबिराला तेवढी एका दिवसातही पुरत नाहीत, तेव्हा काडतुसं दिल्लीतच मिळण्याची व्यवस्था आयोजकांकडून आधी लेखी करून घ्या. घरापासून विमानतळापर्यंत लोकल किंवा मेट्रो नको. गाडी करा, आणि वाटेत चहाला पेटी गाडीत सोडून उतरू नका.

दहा मीटरच्या एअर रायफललाही परवाना लागतो का?
— एक आजोबा, गिरगाव

४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असेल तर नाही. स्पर्धेची दहा मीटरची रायफल या मर्यादेच्या बरीच खाली असते. ५.५ मिलिमीटरची एअरगन मात्र परवान्याच्या कक्षेत येते, ती ‘छंदासाठी’ म्हणून नातवाला घेऊन देऊ नका. परवाना नसला तरी कुलूप हवंच, कारण एअर रायफलचा छर्रा डोळा फोडतो. हवेच्या सिलिंडरवर कोरलेली मुदतही पाहा. ती साधारण दहा वर्षांची असते, आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही.

निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करा असा निरोप पोलीस ठाण्यातून येतो. मुलाच्या ऐन स्पर्धेच्या आधी असं झालं तर?
— एक परवानाधारक, चेंबूर

पोलिसांचा आदेश स्वतः वाचा. राष्ट्रीय रायफल असोसिएशनचे सदस्य असलेल्या आणि स्पर्धांत भाग घेणाऱ्या खेळाडूंना अशा आदेशांत बहुधा सूट असते, पण ती आपोआप लागू झाली असं धरून बसू नका. सदस्यत्वाची प्रत, स्पर्धेचं पत्रक आणि राज्य संघटनेचं पत्र जोडून पोलीस ठाण्यात आणि परवाना शाखेत दोन्हीकडे अर्ज द्या, पोच घ्या. इथे एक अडचण तुमच्यासारख्या पालकांना येते: परवाना तुमचा आणि खेळाडू मुलगा. म्हणून तुमचं स्वतःचं सदस्यत्व चालू ठेवणं इथेही कामी येतं.

सूट मिळाली नाही तर वेळेत जमा करा. देण्याआधी नळ्यांना आतून-बाहेरून नेहमीपेक्षा जरा जास्त तेल लावा, कारण ठाण्याच्या गोदामात ती दमट हवेत महिनाभर पडून राहणार आहे. क्रमांकाचे आणि लाकडावरच्या प्रत्येक ओरखड्याचे फोटो काढा, पावतीवर चोकसुद्धा संख्येसह लिहून घ्या. परत घेताना क्रमांक पावतीशी ताडा, नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरून आतून पाहा, आणि मगच सही करा.